त्रेसष्टला चित्र येत नाही

सातपूरच्या आमच्या कारखान्यात ज्याची खुर्ची मोठी त्याची अक्कल मोठी, असं सगळे धरून चालतात. त्या हिशोबाने इंजिनिअर सार्थक देवरे फार वर आणि आशा गावित बरीच खाली. मी पॅकिंगला, म्हणजे तिच्याहूनही खाली. तिथून वरच्यांचे पाय छान दिसतात.

आशाताई पेठकडची. बारावी केली, मग आयटीआय. मशिनवर बसणारी चौरस पत्र्याची झाकणं तपासणं हे तिचं काम. पत्र्याच्या चारही कडा चौकटीवर टेकवायच्या, वर बारीक वाळू भुरभुरायची आणि खालून एका सळईच्या टोकाने पत्रा हलवत सेकंदाला होणारी कंपनं वाढवत न्यायची. बहुतेक आकड्यांवर पत्रा ढिम्म असतो. ठरावीक आकडा आला की थरारून उठतो. वाळू उडते, न हलणाऱ्या जागी जाऊन बसते आणि रेघांचं चित्र पडतं. फोटो काढायचा, सही करायची. अकरा वर्षांत तिच्या आधीच्या कुणाला त्यात रांगोळीपलीकडे काही दिसलं नव्हतं.

आशाताईने चित्र पडायचं ते आकडे वहीत लिहिले. चाळीस, शंभर, एकशे साठ, दोनशे, दोनशे साठ. विसाने भागले. दोन, पाच, आठ, दहा, तेरा. तीन, सहा, सात, अकरा कधीच नाहीत. आठवडाभर डबा पुढ्यात ठेवून ती त्याच्यातच होती. मग एकदा मला म्हणाली, "येणारा हरेक आकडा दोन वर्गांची बेरीज हे. एक अन् चार पाच. चार अन् नऊ तेरा. सात काय केल्या जमत नाय."

पासष्ट मात्र दोन तऱ्हांनी जमतो. एक अन् चौसष्ट, किंवा सोळा अन् एकोणपन्नास. म्हणजे त्या एकाच कंपनावर वेगवेगळ्या लाटा एकदम उठतात आणि खालचं टोक केसभर सरकलं तरी त्यांची मिसळ बदलते. त्यामुळे पासष्ट गुणिले वीस, म्हणजे तेराशेच्या कंपनावर रोज नवं चित्र.

गिऱ्हाइकाला नेमका तेराशेचाच नमुना हवा होता.

"आशाताई, रोज वेगळं येतंय म्हणजे तुमचा हात चुकतोय," देवरे म्हणाला.

"हात नाय चुकत सर, आकडाच तसा हे. चित्र धरू नका, रेघांची लांबी धरा."

तिने ओला दोरा रेघांवरून फिरवून चाळीस चित्रं मोजली होती. एकाचं तोंड दुसऱ्याला मिळत नव्हतं, पण दोरा जवळपास तेवढाच लागत होता. पत्रा कुठे कच्चा असला तरच फरक पडायचा.

"हा काय शिवणक्लास आहे का?" देवरे हसला. हसणं हे त्याचं मुख्य संशोधन. त्याने त्यातल्या त्यात देखणा फोटो नमुना म्हणून पाठवला. गिऱ्हाइकाकडे चित्र वेगळं आलं आणि तीनशे चांगली झाकणं परत आली. ती उतरवायला मी होतो. अहवालात देवरेने लिहिलं, 'कामगाराची चूक'. आशाताईला ताकीदपत्र मिळालं.

मालकाने कुठल्याशा कॉलेजातले प्रा. निकुंभ आणले. वही चाळून ते म्हणाले, "यात नवीन काही नाही. यादृच्छिक, म्हणजे रँडम लाटांची भूमिती आणि संख्यासिद्धांत यांचा हा संबंध गणितात माहीतच आहे."

"मग सर, तुम्ही कधी वाळू टाकून पाह्यली?"

"आम्हाला पत्रा लागत नाही, बाई," असं म्हणून त्यांनी वही मात्र घरी नेली.

दोन महिन्यांनी एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. खुर्च्या भरायला आम्हाला नेलं होतं. 'एका मदतनीस बाईंची निरीक्षणं' एवढा उल्लेख करून सरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. खाली आकडा होता, त्रेसष्ट.

आशाताई उभी राहिली. "त्रेसष्टला चित्र येत नाय, सर. दोन वर्गांत जमतच नाय तो."

"टायपिंगची चूक असेल."

"मग खरा आकडा कोणता?"

निकुंभ सरांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग मालकाकडे. तेवढ्यात देवरेने टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्या हॉलने सुटकेने त्या उचलल्या. बसता बसता ती मला म्हणाली, "पन्नासचं हाय ते. माझंच. आडवी रेघ डावीकडं तुटलीय ना, टोक सैल झालं होतं त्या दिवशी."

पुढे तपासणीच्या फॉर्मवर 'रेघांची एकूण लांबी' असा रकाना आला. खाली छापलं होतं, पद्धत: सा. देवरे. आशाताई म्हणाली, ताकीदपत्र मागे घेतल्याशिवाय दोरा हातात धरणार नाही. "पद्धत सरांची हे, सरच मोजतील."

सरांनी चार दिवस मोजलं. कोरडा दोरा वाळू उडवायचा, रेघा पुसायच्या, एकाच पत्र्याची लांबी सकाळी एक आणि दुपारी दुसरी यायची. माल अडकला. पाचव्या दिवशी मालक स्वतः खाली आले, ताकीदपत्र रद्द केल्याचा कागद तिच्या हातात दिला आणि उपकार केल्यासारखं विचारलं, "आता झालं ना समाधान?"

तिने कागद दोनदा वाचला. त्यावर तिचं नाव 'उषा' असं लिहिलं होतं. तिने तो परत दिला, "नाव नीट करून आणा" म्हणाली आणि चहाला निघून गेली. दुरुस्त कागद यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ देवरे दोरा धरून पत्र्यापाशी उभा होता.