पाऊण तासाची पाटी

राजकुमार वाळूजच्या कारखान्यात माझ्या हाताखाली टूलरूमला, साचे-हत्यारं घडवायच्या खात्यात, आला, तेव्हा मी त्याला पहिला नियम सांगितला. चालू मशीन सोडून हलायचं नाही. बापानं हाक मारली तरी ओ द्यायची नाही. माझ्या किती गोष्टी त्यानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडल्या, त्याची यादी मोठी आहे. नेमका हा नियम मात्र त्यानं सव्वीस वर्षं पाळला.

कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्यानं चिकलठाण्याच्या घरी, पुढच्या खोलीत, हौसेनं एक सीएनसी मशीन बांधलं. भंगारातलं अॅल्युमिनियम, तीन मोटारी, एक जुना कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर चित्र द्यायचं, की मशीनचा कटर ते लाकडावर कोरत जायचा. जालना रोडला रोज नवी इमारत उठत होती आणि ओळखीपाळखीच्या नव्या दारांना तो पाट्या करून द्यायचा. पण मशीन भलतंच सावकाश. पिंपळपानाच्या एका पाटीला एक तास पन्नास मिनिटं. मध्येच थांबवलं तर ते आपली जागा विसरायचं आणि लाकूड वाया जायचं. "तुझ्यापेक्षा सुतारपक्षी बरा," असं मी म्हणायचो. तो हसायचा.

२०१६च्या एप्रिलात कॉलनीतले सगळे बोअर आटले होते. टँकर पाचव्या दिवशी यायचा. एका सकाळी दहाला राजकुमारनं मशीनवर पिंपळपानाची पाटी लावली. अकराला टँकर आला. त्याची बायको करुणा, हिनं गेटवरून हाक मारली, "अवो, घागरी धरू लागा जरा."

"मशीन चालू हाय. एवढं होऊ दे."

चौथी घागर मागच्या मोरीत ठेवून करुणा तिथंच बसली. पाटी पूर्ण झाल्यावर, बाराला दहा कमी असताना, तो मागं गेला. तोवर ती गेलेली होती. डॉक्टर म्हणाले हृदय, आणि वर ऊन.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. महिन्यानं मी गेलो, तर हा कॉम्प्युटरपुढं बसलेला.

"साहेब, मशीन फास्ट करायचंय. कंट्रोल सॉफ्टवेअर बदलतो."

मला रागच आला. बायको जाऊन महिना होतोय आणि याला मशीनचा वेग सुचतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, हौससुद्धा नव्हती. मी शेजारी बसून बघू लागलो.

आधी त्यानं जुन्याच सॉफ्टवेअरचा वेग वाढवला. मोटारींची पावलं चुकली, पान वाकडं आलं. "अति घाई संकटात नेई," मी सवयीनं बोललो आणि जीभ चावली. त्याला ते लागलं नाही. काहीच लागत नव्हतं त्याला, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

दुसरं सॉफ्टवेअर चांगलं होतं, पण त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर अडखळायचं. तिसरं तळहाताएवढ्या एका बोर्डावर चालायचं.

"जुनं दर वळणाला थांबतं," तो सपाट आवाजात सांगत होता. "हे पुढचं वळण आधीच वाचून ठेवतं. म्हणून थांबत नाय."

कटरच्या जागी पेन बांधून त्यानं पुठ्ठ्यावर चौदा पानं काढली आणि टूलरूमसारखी प्रत्येकाची वेळ वहीत लिहिली. शेवटी तिसरं ठरलं.

मेअखेरीस त्यानं मला बोलावलं. बरोबर दहाला लाकूड बसवलं. तेच पिंपळपान, तीच पाटी. कटर कुठंही न अडता फिरत राहिला. पावणेअकराला मशीन थांबलं. एकही रेघ चुकली नव्हती. मी वा म्हटलं.

तो पाटीकडं बघतच नव्हता, घड्याळाकडं बघत होता. "तिनं अकराला हाक मारली व्हती, साहेब. पंधरा मिनिटं हातात ऱ्हायली असती."

"तो नियम मी शिकवला तुला," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. त्यात दोष नव्हता, माफीही नव्हती.

त्यानं भुसा पुसला, मशीन बंद केलं. मोरीतून दोन रिकाम्या घागरी आणल्या आणि गेटवर जाऊन उभा राहिला. तो टँकरचा दिवस नव्हता. मी त्याच्या हातातली एक घागर घेतली आणि अकरा वाजेपर्यंत त्याच्याशेजारी उभा राहिलो.