कोठीचं लढाऊ जहाज आणि अधिक महिन्यातला जवाई

एकोणीसशे आठ-दहाच्या सुमारास माझा जन्म झालेला नव्हता, त्यामुळे बऱ्याच देशांच्या आरमारांचं नुकसान टळलं.

नाहीतर त्या काळच्या लढाऊ जहाजाचा आराखडा करून द्यायला मी एका पायावर तयार होतो. ही गोष्ट मी वाशीमला शाळेत भूगोल शिकवायचो तेव्हाची. (समुद्र नकाशात पाहिला होता. निळा होता.) शाळेच्या कपाटात एक जुनं मासिक सापडलं आणि त्यात शतकाच्या सुरुवातीच्या एका युद्धनौकेचं चित्र. लांबलचक तोफा, धुराडी, हातभर जाडीचं पोलादी चिलखत! एवढं लोखंड पाण्यावर राहतं तरी कसं? या प्रश्नानं माझी झोप उडवली. शिवाय चित्राचा अर्धा भाग उंदरांनी खाल्लेला, म्हणून उरलेलं अर्धं जहाज मलाच कल्पनेनं पूर्ण करावं लागलं. एकदा हात बसल्यावर मी अख्खीच्या अख्खी जहाजं काढू लागलो. मुलांचे पेपर तसेच पडून.

हे सगळं कागदावर राहिलं असतं. पण लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला आणि धोंडे जेवायला सासरवाडीचं आमंत्रण आलं. गाव जऊळक्याजवळ. आता, अधिक महिन्यात जवाई म्हणजे साक्षात देव. त्याला 'नाही' म्हणायचं नसतं, आणि त्याचं चुकतंय असं तर मुळीच म्हणायचं नसतं. माझ्यासारख्या माणसाच्या हाती असा कायदा द्यायला नको होता!

तुपात बुडालेले पुरणाचे धोंडे खाताना मी सहज जहाजाचा विषय काढला. सासरे (मी त्यांना मामाजी म्हणायचो) जेवायचे थांबले.

"लोखंडाचं? अन् बुडत नाई?"

"आत पोकळ असतं ना, मामाजी!"

"मंग तोफ सुटली का जहाज मांगं नाई सरकत?"

हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "सरकतं थोडं."

सासूबाई, म्हणजे मामीजी, आणखी एक धोंडा वाढत म्हणाल्या, "पन एवढी मानसं! त्याईच्या भाकरी कोन थापते?"

"कराव लागन, मामीजी. त्याची सोय कराव लागन," मी म्हणालो आणि मनातल्या आराखड्यात लगेच एक चूल मांडली.

माझा मेव्हणा देवमन माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "जवाईबापू, एक बनवूनच पाहू ना! गावात पाझर तलाव हाये."

दुष्काळी कामातून झालेला हा तलाव त्या वर्षी पहिल्यांदा काठोकाठ भरला होता, आणि एवढ्या पाण्याचं करायचं काय हा गावापुढं प्रश्नच होता. मी कोपऱ्यातल्या पत्र्याच्या कोठीकडं पाहिलं. उंच, गोल, पोकळ, झाकणाची. जहाजच ते! फक्त उभं होतं.

पण कोठीत वर्षभराची ज्वारी होती.

"संध्याकाळपर्यंत कोठी जशीच्या तशी आणून देतो," मी म्हणालो.

मामीजींनी एकदा कोठीकडं, एकदा बाहेरच्या आभाळाकडं आणि एकदा पंचांगाकडं पाहिलं. महिना अधिकच होता. "तुमी म्हंता त असन बरोबर," असं म्हणून त्यांनी पोती काढली. ज्वारी पोत्यात भरून गळक्या ओसरीत रचली.

माझी बायको कुसुम मला बाजूला घेऊन म्हणाली, "अवो, कोठी बुडली त ज्वारी सडन! आई बोलणार नाई, पन मले जल्मभर आयकाव लागन."

"कुसुम, हे विज्ञान आहे!"

"तेच त भेव हाये!"

काम सुरू झालं. कोठी तलावाच्या काठावर नेऊन आडवी केली, वर पाट बांधला. तेलाचे डबे म्हणजे धुराडी. त्यात पेटत्या गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला. शेजारच्या घरांतून मुसळं आली, त्यांच्या तोफा झाल्या. तोफा मी सगळ्या एकाच बाजूला लावल्या. का? शत्रू एकाच बाजूला असतो म्हणून!

"बरोबर हाये ना, मामाजी?"

मामाजींनी मान डोलावली. बिचाऱ्यांना दुसरी दिशाच मोकळी नव्हती.

राहिलं झाकण. पाणी आत जाऊ नये म्हणून ते बंद करायचं होतं. हे काम मामीजींनी स्वतःकडं घेतलं. दर वर्षी ज्वारी भरल्यावर लिंपायच्या तसंच, शेण आणि माती कालवून त्यांनी झाकणाची फट गुळगुळीत लिंपली.

"पाहा जवाईबापू, एक किडा आत नाई जाचा!"

"वा!" मी म्हणालो. देवमन म्हणाला, "वा!" काठावर जमलेलं अर्धं गावही म्हणालं, "वा!" शेणमाती पाण्यात टिकेल का, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कोठी म्हटली की आम्हाला शत्रू माहीत एकच, किडा!

पहिला मान जवायाचा. मी पाटावर बसलो. (मला पोहता येत नव्हतं, पण मानाला नाही कसं म्हणायचं?) देवमननं ढकललं, धुराडी भकाभका धूर ओकू लागली, आणि काय सांगू, जहाज चक्क तरंगलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुरानं, बरंचसं अभिमानानं.

मग कोठीच्या तोंडाशी पाणी पिवळट झालं.

"हे काय होऊन राह्यलं?" काठावरून मामाजी उत्सुकतेनं विचारू लागले.

"बुडबुडे!" मी ओरडलो. "आतून येतायत!"

मामीजींचा शब्द खरा ठरला. एकही किडा आत गेला नाही. गेलं ते पाणी! कोठी तोफांच्या बाजूला कलली, मुसळं सुटली, पेटत्या गोवऱ्या चुर्र करून विझल्या आणि मी उलटा पाण्यात.

"बुडलो! देवमन, बुडलो!"

"अवो, उभे राहा!" कुसुम ओरडली. "कमरेइतकंच हाये पानी!"

उभा राहिलो. कमरेइतकंच होतं. आरमारप्रमुखाची शान त्याहून खाली होती.

कोठी मात्र भरून गाळात रुतली. बैल जुंपून ओढली, तेव्हा तिचा वरचा भाग बैलांबरोबर आला आणि खालचा तलावातच राहिला.

घरी कोणी मला रागावलं नाही. अधिक महिना! मामाजी एवढंच म्हणाले, "चाललं त होतं बाप्पा थोडं." आभाळ भरून आलं होतं. मामीजींनी ज्वारीच्या पोत्यांवर हळदीकुंकू वाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "जवाईबापू, अवंदा वाण म्हून हेच घ्या. आमच्याकडं आता ठेवाले जागा नाई." नाही म्हणायची सोय मला तरी कुठं होती?

सगळी पोती एसटीच्या टपावरून वाशीमला आमच्या एका खोलीत आली. खाटेखाली ज्वारी, खाटेवर ज्वारी, मधल्या फटीत नवरा-बायको. आलेगेलेले विचारायचे, "एवढी ज्वारी कुठून?" कुसुम सरळ सांगायची, "हे जहाजावर होते ना, तिथून."

शत्रूची जहाजं बुडवणारे आरमारप्रमुख इतिहासात पुष्कळ होऊन गेले. पण पहिल्याच सफरीत स्वतःचं जहाज बुडवून, वर वर्षभराचं धान्य बक्षीस मिळवून, बायकोच्या हुकमावरून ते रोज संध्याकाळी निवडत बसलेला बहुधा मी एकटाच!