शेवटच्या रोपाची चव

आमच्या ह्यांच्या जिभेने मला एकतीस वर्षं छळलं. ताटावर बसले की पहिला घास, मग भुवई वर, मग निकाल: "मीठ चिमूटभर कमी." चिमूटभर! मी तडतडायचे, "उद्यापासून तुम्हीच करा स्वयंपाक!" आणि दुसऱ्या दिवशी परत मीच चुलीपुढे, परत तोच निकाल.

पण त्याच जिभेवर आमचं घर चाललं होतं. मालकांच्या मळ्यातल्या काकडीच्या शेडमध्ये ठिबकमधून खत सोडायचं काम ह्यांच्याकडे होतं, आणि मी तिथेच तोडणीला. आधी थोडा वेळ साधं पाणी, मग टाकीत कालवलेलं खत, मग नळ्या धुऊन निघेपर्यंत परत साधं पाणी. खत टोकापर्यंत पोचलं का हे बघायला हे शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या रोपापाशी उकिडवे बसायचे, नळीतून पडणारा थेंब बोटावर घ्यायचे, जिभेला लावायचे आणि थुंकायचे. खारट लागलं की मोटरवाल्याला "पोचलं!" म्हणून ओरडायचे. कडक झालंय की पातळ, तेही त्याच थेंबावरून ओळखायचे. मालक म्हणायचे, "मास्तर, एक दिवस जीभ गळून पडेल." बायका तर ह्यांना जीभमास्तरच म्हणायच्या, माझ्या तोंडावरसुद्धा.

मागच्या वर्षी ह्यांना दहा दिवस ताप आला. उतरला तसे कामावर गेले. त्याच आठवड्यात घाईघाईत मी भाजीत मीठच घालायला विसरले. हे जेवून उठल्यावर मी घास घेतला, तेव्हा कळलं. पण हे तर जेवताना म्हणाले होते, "आज भाजी झकास झालीय." मला काय वाटलं सांगू? वाटलं, दुखण्यातून उठल्यावर माणसाला बायकोची किंमत कळली. एकटीच ओट्यापाशी उभी राहून हसले. त्यानंतर रोज कौतुक. महिनाभर मी नव्या नवरीच्या उत्साहाने रांधत होते. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मग वेलांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी चार-दोन रोपं, नंतर ओळीच्या ओळी. काकड्या बोटाएवढ्या होऊन पिवळ्या पडायच्या. मालकांनी रोग समजून दोनदा फवारणी करून घेतली. हे मूग गिळून फिरत होते. एका सकाळी मी शेवटच्या रोपापाशी वाकले, तर नळीखालच्या मातीवर पांढरी खपली धरलेली. थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला. इतका जहाल, की डोळ्यांत पाणी आलं. आणि मला ती बिनमिठाची भाजी आठवली.

तशीच टाकीपाशी गेले.

"अहो, तुम्हाला चव लागते का?"

"न लागायला काय झालं?"

"त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. कणभर नव्हतं."

हे हातातली बादली ठेवून खालीच बसले. "तापापासून काही लागत नाही गं. वाटलं, येईल चार दिवसांत. थेंब घेतो, तर नुसतं पाणी. मग वाटतं, कमी पडलं असेल, रोपं उपाशी राहतील. म्हणून थोडं वाढवतो."

"मला सांगायचं ना! मी चाखलं असतं."

"मग मी कशाला राहिलो?"

दुपारी ह्यांनी स्वतःच जाऊन मालकांना सांगितलं. मालक ओरडले नाहीत, त्याचंच ह्यांना जास्त लागलं. दोन शेडमधली अख्खी लागवड काढून टाकावी लागली. आम्ही दोघांनीच वेल उपटले. प्रत्येक वेलाची मुळं हे वर धरून बघत होते. सगळी तपकिरी, जळालेली.

पुढच्या लागवडीला मालकांनी मीटर आणलं. कांडी पाण्यात बुडवली की खत किती, त्याचा आकडा दिसतो. ते मीटर त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि ह्यांना काकड्या क्रेटमध्ये भरायला बसवलं. शेवटच्या रोपापाशी आता मी बसते. आकडा जमला की "पोचलं!" म्हणून मीच ओरडते. ह्यांची मान खालीच असते. मला त्या शब्दाची लाज वाटते, पण ओरडल्याशिवाय मोटरवाल्याला कळत नाही.

डॉक्टर म्हणतात, चव येईलही, नाहीही. वर्ष झालं. घरात आता भुवई वर जात नाही. एकतीस वर्षं जिला कंटाळले, त्या कटकटीसाठी मी आता तळमळते. म्हणून अधूनमधून मी भाजीत मुद्दाम मीठ घालत नाही. वाटतं, आज तरी ओरडतील.

काल तसंच केलं. ह्यांनी पहिला घास घेतला. माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग भुवई वर गेली.

"काय गं," हे म्हणाले, "आज मीठ जास्त पडलंय."

मी ह्यांच्या ताटात भाजी वाढली.

"हो," म्हटलं, "हात चुकला. उद्या बेताने घालते."