मागच्या खोलीपर्यंतचं नेट

माझ्या पायाला भिंगरी आहे असं बायको म्हणते. खोटं नाही. जेवायला बसलो तरी मी दोनदा उठतो. त्यात गेल्या हिवाळ्यात घरातलं नेट मागच्या खोलीपर्यंत न्यायचं डोक्यात घेतलं आणि माझं मलाच अवघड होऊन बसलं.

आमचं घर म्हणजे पुढं स्लॅबच्या दोन खोल्या, मधे अंगण आणि मागं गोठ्याला लागून पत्र्याची एक खोली. पुढं मी लोकांची ऑनलाइन कामं करतो. कुणाचा सातबारा काढ, कुणाचा पीकविमा भर, असली. त्यासाठी फायबरची लाइन घेतलेली. मागच्या खोलीत अण्णा, आमचे वडील. दसऱ्यानंतर दादा आणि वहिनी ऊसतोडीला कर्नाटकात गेले आणि दिवाळी सरते न सरते तोच अण्णांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दवाखाना झाला, जीव वाचला, पण बोलणं काही परत आलं नाही.

दादा लगेच निघायला बसला होता. मुकादम सोडेना, आणि खरं सांगायचं तर आम्हीच म्हणालो की पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर ये. रोज संध्याकाळी गाडी भरून झाली की त्याचा फोन यायचा. मी फोन अण्णांच्या कानाला लावायचो. तिकडून दादा ‘अण्णा, अण्णा’ करायचा आणि इकडून नुसता श्वास. "कट झाला का रे फोन?" असं त्यानं विचारलं की मी फोन माझ्या कानाला घेऊन "ऐकायलेत, बोल तू" म्हणायचो. एक दिवस म्हणाला, "मला बघू दे त्यांना. लई न्हाई, दोन मिनिटं. डोळ्यानं दिसले तर झोप लागंल मला." फोटो पाठवू का म्हटलं तर अंगावरच आला. "फोटो मेलेल्या माणसाचा बी असतोय!"

आता पत्र्याच्या खोलीत मोबाइलला बोलण्यापुरतीच रेंज, व्हिडिओ काही चालायचा नाही, आणि पुढचं वायफाय अंगणातच दम तोडायचं. अण्णांनाच पुढच्या खोलीत आणावं म्हटलं, तर डाव्या हातानं बाजेचा दांडा असा आवळून धरायचे की दोघातिघांना सुटायचा नाही. मी म्हणायचो, हट्टी म्हातारं, बैलांजवळून हलायचं नाही त्याला. मनातल्या मनात म्हणायचो, तोंडावर नाही.

शेवटी गेवराई गाठली. दुकानदारानं आधी भारीतला माल दाखवला. मी म्हटलं, बाबा, आमच्या ऐपतीतलं काढ. मग त्यानं तीन डब्यांचा साधा सेट काढला आणि मेश म्हणजे काय ते समजावलं. एक डबा लाइनीपाशी, दुसरा मधे, तिसरा शेवटी. विटा चढवताना माणसं कशी एकमेकांच्या हातात देतात, तसं हे डबे नेट पुढं पुढं देतात. मला एकदम पटलं. घरी येईपर्यंत धीर निघेना, एसटीतच खोकं फोडलं.

पहिला डबा पाच मिनिटांत लागला. दुसरा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला तर त्याचा दिवा लालच्या लाल. फोन हातात धरून मी घरभर फिरलो, भिंतींना शिव्या घातल्या, कंपनीला घातल्या, दुकानदाराच्या खानदानापर्यंत गेलो. मग ध्यानात आलं, ज्वारीची भली मोठी पत्र्याची कोठी नेमकी डब्याच्या पुढं. "ही हलव," म्हटलं. बायको म्हणाली, "अन् ज्वारी काय तुमच्या डोक्यावर ठिवू?" त्यावरून तासभर वाजलं. शेवटी तेलाचा प्लास्टिकचा कॅन कापला, त्यात डबा बसवला आणि बाहेरच्या भिंतीला वळचणीखाली टांगला. तिसरा अण्णांच्या बाजेशेजारच्या बोर्डावर. दिवा हिरवा झाला! मी अंगणात नाचायचाच बाकी होतो. अण्णा माझ्याकडं बघत होते. मी ओरडून सांगितलं, "अण्णा, आता दादा दिसणार तुमाला! अन् तुमी त्याला!"

त्या संध्याकाळी फोन वाजला. "थांब दादा, नेतो, नेतो!" करत मी फोन घेऊन अंगणातून पळालो. खोलीत पाय ठेवला आणि चित्र गोठलं. दादाचं तोंड अर्धं उघडं, तसंच. बघतो तर डबा विझलेला, बोर्डाचं बटण पडलेलं. बटण लावलं, पण तो डबा जागा व्हायला वेळ घेतो. तोवर तिकडं दादाला गाडी बांधायला हाक आली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बटण ढिलं असेल म्हणून बोर्डच बदलला. परत तेच. आधीच खोलीत जाऊन बसावं म्हटलं, तर नेमकं तेव्हा अण्णांना पाणी लागायचं, लघवीचं भांडं लागायचं, हातानं खुणा करून मला बाहेर पिटाळायचे. मी पाणी घेऊन येईपर्यंत डबा गार. गेवराईला जाऊन दुकानदाराशी भांडून आलो, डबा बदलून आणला. नवाही तसाच. तिकडं दादा रोज विचारणार, "झालं का रे?" आणि मी म्हणणार, आज नक्की. माझा जीव नुसता थाऱ्यावर नव्हता.

बायको म्हणाली, "बटन आपूआप पडतंय व्हय?"

"मग कोण पाडतंय? बैल?" मी तिच्यावरच खेकसलो. पण डोक्यात किडा वळवळायला लागला.

त्या संध्याकाळी मी फोन बायकोच्या हातात दिला. वाजला की मी ओरडतो तसंच ओरडत अंगणात ये म्हटलं, आणि मी गोठ्यातून पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभा राहिलो. फोन वाजला. बायको ओरडली. आत अण्णांचा डावा हात भिंतीवरून सरकत गेला. किती कष्टानं गेला तो हात! बोर्डापाशी पोचला, बटण दाबलं आणि गुपचूप पांघरुणात परत आला.

मी तिरमिरत आत शिरलो. "अण्णा, कावून असं करायलेत तुमी? तिकडं तुमचं लेकरू झुरायलंय, अन् तुमी..."

अण्णांनी उशाचा टॉवेल ओढला आणि तोंडावर घेतला. डोळे तेवढे उघडे. लकवा मारल्यापासून मी त्यांना भरवत होतो, पुसत होतो, पण त्यांच्या डोळ्यात शरम दिसली ती तेव्हाच. दादा कोयता धरायला शिकला तो अण्णांच्या मागं चालून. निघताना अण्णांनीच वहिनीची लोखंडी पेटी एका हातानं ट्रॅक्टरवर चढवून दिली होती. त्याच्या डोळ्यापुढं तेच अण्णा होते, आणि अण्णांना ते तसेच राहू द्यायचे होते.

बायको फोन घेऊन दारात उभी होती. हळूच म्हणाली, "त्यांना बघायचंय हो. आपलं तोंड दावायचं न्हाई."

मी इतके दिवस डबेच हलवत बसलो होतो. बायकोच्या हातातून फोन घेतला, बटण लावलं, आणि डबा जागा होईपर्यंत आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसून राहिलो. मग आपल्या बाजूचा कॅमेरा बंद केला आणि फोन अण्णांसमोर धरला. "अण्णा, हे बघा, इथं काळं हाय. त्याला तुमी दिसत न्हाईत. फक्त तो तुमाला दिसंल."

दादाला लावला. त्यांच्या पाचटाच्या कोपीबाहेरच्या बल्बच्या उजेडात त्याचं तोंड आलं, काळंठिक्कर पडलेलं, गालफडं बसलेली.

"दिसंना रे काही," दादा म्हणाला.

"आपला कॅमेरा गेलाय. तू दिसतोस पण. अण्णा बघायलेत."

दादानं बाहीनं तोंड पुसलं. मग फोन लांब धरून म्हणाला, "बघा मग. बारीक झालोय का?" वहिनीलाही ओढून पुढं आणलं. हसायला लागला. बैलं खातेत का, कापूस वेचून झाला का, एकामागून एक विचारत सुटला.

अण्णांनी तोंडावरचा टॉवेल काढला. ते रडत होते. वाकडं तोंड पार उघडं टाकून, लाळ गळत, काही लपवायचं नाही असे रडत होते. एवढ्या मोठ्या माणसाला असं मोकळं होताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. दादा तिकडं हसत होता.

"काय करायलेत रे अण्णा?" त्यानं विचारलं.

"तुझ्याकडं बघायलेत," मी म्हणालो.