खाटेवरचं प्रभुभोजन

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत मोजकीच घरं. नाताळचा मांडव मात्र असा, की परक्याला एखाद्या पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न वाटावं. त्या वर्षी प्रमुख पाहुणेही ठरले होते, आणि ते आल्याशिवाय उपासना सुरू करायची नाही, असंही. जगाच्या तारणाऱ्याचा जन्म साजरा करायला आम्ही एका पुढाऱ्याची वाट पाहत बसलो होतो.

मला थांबणं शक्य नव्हतं. मंडळीतला एक म्हातारा अर्धांगवायूनं खाटेवर पडून होता. मरायच्या आधी प्रभुभोजन, म्हणजे पाळकांच्या हातची भाकर आणि द्राक्षरस, मिळावं, एवढंच तो मागत होता. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येत आणि दुपारी त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. म्हातारा पुढचा महिना बघेल, असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं.

मंडळीच्या सेक्रेटरींकडे तोडगा होता. "खाटेसकट उचलून आणू की त्यांना. पाहुण्यांच्या हातून फळं देऊ. फोटो पण चांगला येईल."

"लोकांपुढं नेऊ नका म्हणतात ते," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ द्या. पाहुणे माकणीत आलेत, निघालेच."

पाहुणे तासाभरापूर्वीही माकणीतच होते. मी सरळ स्टेजवर गेलो. पाळकसाहेबांना फेटा बांधणं चाललं होतं. "चला, गाडी चालू ठेवलीय," म्हणालो. ते अर्ध्या फेट्यानिशी उठले.

खाटेवरून म्हाताऱ्यानं त्यांच्या अर्ध्या फेट्याकडं बघितलं. "साहेब, लगीन हाय का कुनाचं?"

फेटा काढून ते खाटेवरच बसले. भाकर मोडायला लागले, तसा म्हाताऱ्यानं हात आखडून घेतला. "धाकट्या भावाला हिरीचं पाणी बंद केलं म्या. त्याचा ऊस वाळला, मग तो बी गेला. मला हे कसं चालंल?"

"चांगल्यांपुरतंच असतं, तर देव खाली आलाच कशाला असता?" पाळकसाहेब म्हणाले.

देवाला माणूस व्हायची गरजच काय, हा माझा जुना प्रश्न. क्षमा वरूनच धाडता आली असती. पण वरून निघालेले आदेश गावात कसे पोचतात, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. ज्याला उठता येत नाही, त्याच्याकडं स्वतःच यावं लागतं. त्याच्या वासासकट त्याच्याजवळ बसावं लागतं, त्याच्या वाट्याचं मरणही घ्यावं लागतं. हे मी वाचलं पुष्कळ होतं. पटलं त्या खोलीत.

फोन वाजला. पाहुणे आले होते. "इथलं झाल्यावर येतो," एवढं सांगून मी तो बंद केला.

म्हातारा म्हणाला, "भावजयीला बोलवा. तिच्यापुढं माफी मागतो, मग घेतो."

"त्या न्हाय यायच्या," त्याची सून म्हणाली. तिची ही चुलतसासू भिंतीपलीकडेच राहायची, पण नवरा गेल्यापासून या दारात आली नव्हती.

मी गेलो. पहिल्या हाकेला दार उघडलं नाही. दुसऱ्याही नाही. मी हाका मारत राहिलो. शेवटी ती आली, उंबऱ्याशी उभी राहून तिनं म्हाताऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचून आत आली आणि थोरल्या दिराची मान उचलून धरली. पडल्या पडल्या त्याला गिळता येत नव्हतं.