माझ्यासाठी टाकलेला रुमाल

चूक माझीच होती. मुरुडहून लातूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत एक गृहस्थ रोज खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरायचे. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गाडी सुटली की त्यांचं बोट खिडकीबाहेर जायचं. "ते बघा सर, म्हशीवर बगळा कसा साहेबावाणी बसलाय!" कधी करडईची फुलं, कधी बांधावर वाळत घातलेलं धोतर.

एकदा मोबाइलमधून मान वर न काढता मी म्हणालो, "रोज काय तेच ते? लेकरू हाय का मी?"

"न्हाई सर. चुकलं," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही रुमाल होताच, पण बोट उठलं नाही. महिना तसाच गेला. बायको गेल्यापासून घरी मी एकटाच. दिवसभरात मला 'ते बघा' म्हणणारं दुसरं कुणीच नाही, हे त्या महिन्यात कळलं.

परवा म्हशीवर दोन बगळे दिसले. मी शेजारी बसलेल्या त्या गृहस्थांच्या गुडघ्याला हात लावला. "ते बघा. आज साहेबासंगं बाईसाहेब पण हायत."

ते खिडकीबाहेर वाकून बघू लागले.

"त्या दिवशी चुकलं ते माझं," मी म्हणालो, "तुमचं न्हाई."