मुलींचं पोट घट्ट असतं

नांदेडच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "घरात आणखी कुणाला हा त्रास आहे?" मी नाही म्हणालो. बायको शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिला तो त्रास आमच्या लग्नाच्या आधीपासून होता आणि मला ते ठाऊक होतं. लपवण्यासारखं काही नव्हतं. तिच्या पोटाच्या त्रासाला मी कधी आजार मानलंच नव्हतं, एवढंच.

माझं पोट मात्र घरात मोठा विषय होता. लातूरला मी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. क्लासेस वाढले, पहाटे सहापासून बॅचेस लागल्या, तशी जेवलो की कळ यायची आणि पळावं लागायचं. मग माझ्यासाठी वेगळा मऊ भात, ताक, बिनतिखटाची भाजी. ते सगळं तीच करायची. तिला स्वतःला कुठे जायचं असलं की मात्र आदल्या संध्याकाळपासून तिचं खाणंपिणं बंद. मी नातेवाइकांत हसून सांगायचो, हिला एसटीचा उपास असतो.

वर्गातही तेच. टेस्टच्या दिवशी बाहेर जाऊ का म्हणून हात वर व्हायचे ते मुलांचे. मुलींचा एकही नाही. "मुलींचं पोट घट्ट असतं, तुमचंच ढिलं," असं मी मुलांना म्हणायचो. वर्ग हसायचा.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं की आतड्यांत जखम नाही, गाठ नाही, त्यांची चाल बिघडली आहे. आजाराचं नाव आय.बी.एस. ताणानं वाढतो. मग ते सहज बोलत गेले. हा आजार सगळीकडे सारखा दिसत नाही म्हणाले. तिकडे परदेशात दोन दिवसांआड पोट साफ झालं तरी लोक निवांत असतात, आपल्याकडे एक सकाळ चुकली की माणूस हवालदिल. तिकडच्या पुस्तकांत बायका रुग्ण जास्त, आणि इथे दवाखान्याबाहेरच्या बाकावर बघावं तर पुरुषच. "बायकांना होत नाही असं समजू नका," ते म्हणाले. "त्या येत नाहीत."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी फाइल पिशवीत कोंबत होतो.

परतताना एसटीनं लोहा सोडल्यावर तिचा चेहरा उतरला. समोरचा दांडा तिनं घट्ट धरला होता. अहमदपूरला गाडी थांबताच ती उतरली, पण बायकांच्या संडासाला कुलूप होतं. ती किल्ली कुणाकडे म्हणून विचारत फिरू लागली. कंडक्टर मला म्हणाला, "मामा, बाई येतेत का न्हाई? गाडी घरची न्हाई आपल्या." मला लातूरला पाचची बॅच होती. मी खिडकीतून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी हाक मारली, आटप म्हणून. ती खिडकीखाली आली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही जावा. मी मागच्या गाडीनं येते."

आणि मी गेलो.

त्या दिवशी टेस्ट होती. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी डाव्या हातानं पोट दाबून लिहीत होती. बाहेर जायचंय का, मी विचारलं. शंभर माना वळल्या. ती नाही म्हणाली आणि आणखी खाली वाकली. पेपर गोळा करायला दुसऱ्या सरांना सांगून मी बसस्टँडवर गेलो.

बायको तिसऱ्या गाडीतून उतरली. आम्ही बाकावर बसलो. ती सांगू लागली. भूकंपानंतर तिच्या माहेरचं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची. समोर उघडं रान, आडोसा नाही. बायका उजाडायच्या आत जाऊन यायच्या, नंतर एकदम दिवस बुडाल्यावर.

"मधी कळ आली तर दाबून बसायचं. म्हणून मी खाणंच कमी केलं. तवापासून पोट माझं ऐकत न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "आज डॉक्टरपुढं तुम्ही नाही म्हणलात, तवा मलाबी वाटलं, खरंच काही होत नसंल मला."

"माझं चुकलं," मी म्हणालो. आजूबाजूला माणसं होती, मी पुटपुटल्यासारखंच बोललो होतो. म्हणून पुन्हा म्हणालो, तिला नीट ऐकू जाईल असं. "तुझं दुखणं मला रोज दिसत होतं. आणि मी त्यावर हसत होतो. मला माफ कर."